झिको आमच्या वाट्याला कसा आला : अनुभव धागा

आवाहन

रिओ दी जानेरोच्या उत्तर भागातल्या किन्तिनो या कामकरी वस्तीत ३ मार्च १९५३ रोजी ब्राझीलचा फुटबॉलपटू आर्थर आंतुनेस कोइंब्रा याचा जन्म झाला. सहा भावंडांतले हे शेंडेफळ. वडील पोर्तुगालहून येऊन तिथे शिंपीकाम करणारे होते आणि मोठा भाऊ एदू हासुद्धा पुढे नावाजलेला फुटबॉलपटू झाला. घरच्यांनी लाडाने आर्थरचा 'आर्थरझिन्यो' केला, त्याचा 'आर्थरझिको' झाला आणि शेवटी उरला तो 'झिको'. फिफाच्या नोंदीप्रमाणे ब्राझीलसाठी ७१ सामन्यांत ४८ गोल, फ्लामेंगो या एकाच क्लबसाठी पाचशेहून अधिक गोल आणि १९७८, १९८२ व १९८६ अशा तीन विश्वचषक स्पर्धा त्याच्या नावावर आहेत. विश्वचषक मात्र त्याच्या हाती एकदाही आला नाही.

आकडे कुठेही मिळतात, म्हणून आकडे मागण्यासाठी हे आवाहन नाही. मराठी घरांत हा माणूस किती वेगवेगळ्या दारांनी आला, हे मला गेली काही वर्षे जाणवते आहे. कुणी त्याला पेठेतल्या दूरदर्शन संचावर पाहिले, कुणाची जपानमधली नोकरी त्याच्या गावात होती, तर कुणी गोव्यातल्या फातोर्ड्याच्या मैदानाच्या कडेला उभा असलेला पांढऱ्या केसांचा प्रशिक्षक झिको पाहिला. आपण त्याला कुठे पाहिले आणि त्यातले आज काय आठवते, एवढेच लिहावे अशी मी काही परिचितांना विनंती केली होती. आलेले अनुभव आले त्याच क्रमाने देत आहे.

निवृत्त सागरी अभियंता, रत्नागिरी

१९८१ च्या नोव्हेंबर महिन्यात आमचे मालवाहू जहाज रिओच्या धक्क्याला लागलेले होते. मी तेव्हा फोर्थ इंजिनिअर होतो आणि फुटबॉलविषयी मला ब्राझील आणि पेले या दोन शब्दांपलीकडे फारसे काही ठाऊक नव्हते. १३ तारखेला संध्याकाळची पाळी लागली, तेव्हा माल उतरवणाऱ्या कामगारांपैकी एकाने हॅचच्या काठाला एक लहानसा ट्रान्झिस्टर तारेने बांधला आणि आवाज पूर्ण मोठा करून ठेवला. आमच्या जहाजावर गोव्यातल्या साष्टीचा एक वयस्कर बटलर होता, त्याला पोर्तुगीज येत असे. त्याने मला सांगितले की, आज मारकाना मैदानावर फ्लामेंगोचा चिलीच्या कोब्रेलोआ या संघाशी सामना आहे, हा कोब्रेलोआ तांब्याच्या खाणींच्या गावातला संघ आहे आणि दक्षिण अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या चषकाची अंतिम फेरी आज सुरू होते आहे.

काम चालू होते, पण प्रत्येकाचा एक कान त्या तारेला टांगलेला होता. बाराव्या मिनिटाला समालोचकाने 'गोल' हा शब्द जो लांबवला, तो विंचच्या आवाजावरही चढला. क्रेनवाल्याने भरलेली जाळी हवेतच थांबवली. माझ्या शेजारचा गडी, ज्याच्याशी मी आठवडाभरात खुणेपलीकडे एक शब्द बोललो नव्हतो, त्याने ग्रीसने माखलेल्या दोन्ही हातांनी माझे खांदे धरले आणि तो 'झिको, झिको' असे ओरडत राहिला. तिसाव्या मिनिटाला पेनल्टीवर दुसरा गोल झाला, तोही झिकोचाच. माझ्या बॉयलर सूटवर त्या दहा बोटांचे डाग शेवटपर्यंत राहिले आणि मला ते कधी काढावेसे वाटले नाहीत.

तो सामना फ्लामेंगोने २-१ असा जिंकला, चिलीतला दुसरा सामना १-० ने गमावला आणि निर्णायक तिसरा सामना २३ नोव्हेंबरला उरुग्वेची राजधानी मॉन्तेविदेओ इथे झाला. तोवर आमचे जहाज सान्तोसला पोहोचले होते. सान्तोस हे पेलेच्या क्लबचे गाव. तरीही तिथल्या धक्क्यावर त्या रात्री ट्रान्झिस्टर लागलेलाच होता. फ्लामेंगो २, कोब्रेलोआ ०, आणि दोन्ही गोल झिकोचे. पुढच्याच महिन्यात, १३ डिसेंबरला, तोक्योत त्यांनी लिव्हरपूलला ३-० ने हरवल्याचे मला घरी आल्यावर समजले. नून्येसचे दोन आणि आदिलिओचा एक, असे तिन्ही गोल पूर्वार्धातच झाले होते. झिकोने स्वतः एकही गोल केला नव्हता; पण दोन गोल त्याच्या पासवर आणि तिसरा त्याच्या फ्री किकवरून सुटलेल्या चेंडूवर झाला होता आणि सामनावीर तोच ठरला होता. मैदानात बसून त्याला पाहण्याचा योग मला कधीच आला नाही, पण त्याच्या नावावर भरलेली जाळी हवेत थांबलेली मी पाहिली आहे.

माजी खेळाडू, कोल्हापूर

आमच्या गावाला फुटबॉलचे वेड कुणी शिकवावे लागत नाही. शाहू स्टेडियमवर पेठांच्या तालमींचे संघ एकमेकांना भिडतात तेव्हा घरातली कामे बाजूला राहतात आणि विश्वचषक आला की गल्ली ब्राझील आणि अर्जेंटिना अशी उभी चिरली जाते. आमची गल्ली पूर्वीपासून ब्राझीलची.

१९८२ साली मी आठवीत होतो. त्या संघाची नावे आम्हाला पाढ्यांसारखी पाठ होती. कर्णधार सॉक्रेटिस, फाल्काओ, सेरेझो, एडर, ज्युनिअर आणि दहा नंबरचा झिको. वर्तमानपत्रातले फोटो कापून आम्ही तालमीच्या भिंतीवर खळीने चिकटवले होते. ५ जुलैला बार्सिलोनाच्या सारिया मैदानावर इटलीने त्यांना ३-२ ने हरवले. बरोबरी झाली असती तरी ब्राझील उपांत्य फेरीत जाणार होते, पण पाओलो रॉसीने तीन गोल केले आणि सगळे संपले. सॉक्रेटिसने केलेल्या ब्राझीलच्या पहिल्या गोलचा पास झिकोचा होता. इटलीचा बचावपटू जेंतिले याने ओढून ओढून फाडलेला त्याचा सदरा फोटोत स्पष्ट दिसत होता आणि तो फोटो भिंतीवर लावायचा की नाही यावरून आमच्यात भांडण झाले. शेवटी लावला. सदऱ्याला पडलेले ते भोक आम्ही सगळ्यांनी जवळ जाऊन बोट लावून पाहिले.

मला खरे सांगायचे आहे ते १९८६ चे. २१ जूनची रात्र, मेक्सिकोतल्या ग्वादालाहारात ब्राझील आणि फ्रान्स यांच्यातला उपांत्यपूर्व सामना, आपल्याकडे साडेअकराला सुरू झालेला. तालमीशेजारच्या एका घरात टीव्ही होता. त्या घरातल्या माउलीने पन्नास-साठ पोरांना दारात घेतले, खिडकीतून पाहणारे वेगळेच. बाहेर पावसाची झड लागली होती आणि चित्राला मुंग्या आल्या की कौलांवर छत्री धरून बसलेला आमच्यातला एक जण अँटेना फिरवायचा; खालून 'आलं, आलं, ऱ्हाऊ दे' असा पुकारा व्हायचा. कारेकाचा गोल झाला, प्लातिनीने तो फेडला. एक-एक. उत्तरार्धात झिको बदली खेळाडू म्हणून उतरला, तेव्हा आमच्या वस्तादांनीही आपली कांबळी बाजूला सारून मान पुढे काढली. उतरल्यावर थोड्याच वेळात त्याने ब्रँकोला असा पास दिला की गोलरक्षकाला त्याला पाडण्यावाचून गत्यंतर उरले नाही. पेनल्टी मिळाली.

चेंडू झिकोनेच ठेवला. खोलीत कुणी श्वास घेत नव्हते. जोएल बात्सने तो अडवला.

कौलांवरचा आमचा गडी वरून विचारत राहिला, 'काय झालं? काय झालं रं?' आणि त्याला कुणी उत्तर दिले नाही. पण पुढे जे झाले ते लोक सांगायचे विसरतात, म्हणून मी लिहितो आहे. जादा वेळेतही निकाल लागला नाही आणि पेनल्ट्यांची वेळ आली, तेव्हा तोच झिको पुन्हा चालत त्याच ठिकाणी गेला आणि त्याच बात्सला चकवून त्याने गोल केला. वस्ताद एवढेच म्हणाले, 'गडी परत उभा राह्यला बघ.' सॉक्रेटिस आणि ज्युलिओ सेझार यांच्या पेनल्ट्या वाया गेल्या, तिकडे प्लातिनीनेही बाहेर मारली आणि फ्रान्स ४-३ ने पुढे गेले. मी पुढे नऊ हंगाम पेठेकडून हाफ खेळलो. पेनल्टी चुकली की प्रेक्षकांतून शिव्या येतात, तेव्हा मला नेहमी वस्तादांचे ते वाक्य ऐकू आले आहे.

फिजिओथेरपिस्ट, पुणे

कोल्हापूरच्या अनुभवाला जोडून लिहिते, कारण माझा विषय गुडघा आहे.

त्या पेनल्टीच्या जेमतेम दहा महिने आधी, ऑगस्ट १९८५ मध्ये, रिओतल्या बांगू क्लबविरुद्धच्या सामन्यात एका आडदांड टॅकलने झिकोचा गुडघा अक्षरशः उद्ध्वस्त झाला होता. लिगामेंट फाटलेला गुडघा हा बिजागरी निखळलेल्या दारासारखा असतो. दार उभे दिसते, पण वळवायला गेले की कुठे जाईल याची खात्री नसते. आज उत्तम शस्त्रक्रिया होऊनही आम्ही खेळाडूला नऊ ते बारा महिने मैदानाबाहेर ठेवतो. त्या काळातली तंत्रे पाहता बत्तीस-तेहतीस वर्षांचा माणूस मेक्सिकोला पोहोचला, हेच मला मोठे वाटते. गुडघा पूर्ण सामना पेलणार नाही म्हणून त्याला राखीव बाकावर बसवले जाई आणि त्या दिवशीही तो तिथूनच उठून मैदानात आला होता.

दुसरी गोष्ट त्याच्या लहानपणाची. १९६७ मध्ये चौदा वर्षांचा झिको फ्लामेंगोत दाखल झाला तेव्हा तो इतका हडकुळा होता की धक्काबुक्कीच्या खेळात टिकणार नाही असेच कुणालाही वाटले असते. क्लबने त्याच्यासाठी आहार आणि व्यायामाचा काही वर्षांचा कार्यक्रम आखला आणि अंगावर मांस चढवले. 'किन्तिनोचा कोंबडा' हे लाडके नाव त्याला चिकटले ते त्या काटक अंगामुळे आणि डोक्यावरच्या केसांमुळे. माझ्याकडे बारा-तेरा वर्षांच्या मुलांना घेऊन पालक येतात आणि 'हा फार बारीक आहे हो, याला खेळ झेपेल का?' असे विचारतात. मी त्यांना झिकोचा तेव्हाचा आणि नंतरचा, असे दोन फोटो शेजारी ठेवून दाखवते. त्यानंतर आहाराचा तक्ता समजावणे पुष्कळ सोपे जाते.

मध्येच दोन ओळी

या दोन अनुभवांत विश्वचषकाची सल आहे, म्हणून तिसरी सलही नोंदवून ठेवतो. १९७८ साली अर्जेंटिनात मार देल प्लाता इथे स्वीडनविरुद्ध १-१ अशी बरोबरी असताना अखेरच्या क्षणी ब्राझीलला कॉर्नर मिळाला, चेंडू हवेत असतानाच वेल्सचे पंच क्लाइव्ह थॉमस यांनी सामना संपल्याची शिट्टी वाजवली आणि झिकोने डोक्याने जाळ्यात धाडलेला तो चेंडू गोल धरला गेला नाही. तुर्कस्तानातून कुणाचा अनुभव आला नाही याचे वाईट वाटते; तिथे फेनरबाह्चे या क्लबच्या शताब्दी वर्षात, २००७ साली, त्याने प्रशिक्षक म्हणून लीग जिंकून दिली होती आणि पुढच्या वर्षी संघाला युरोपातल्या चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत नेले होते.

भौतिकशास्त्राचे अध्यापक, मुंबई

१९९८ मध्ये संशोधनासाठी मी इटलीतल्या त्रिएस्ते इथल्या सैद्धांतिक भौतिकी केंद्रात एक वर्ष होतो. केस कापायला जायचो त्या न्हाव्याचे मूळ गाव तासाभराच्या अंतरावरचे उदिने. त्याच्या आरशाच्या कडेला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या सदऱ्यातला झिकोचा फोटो खोचलेला होता. मी भारतीय आहे असे समजल्यावर त्याने मला क्रिकेटविषयी एक प्रश्न सौजन्याने विचारला आणि उत्तराची वाट न पाहता तो १९८३ सालाकडे वळला.

उदिने हे फ्रियुली प्रांतातले मध्यम शहर. ६ मे १९७६ च्या भूकंपात या प्रांतात हजाराच्या आसपास माणसे दगावली होती आणि गावेच्या गावे पुन्हा बांधावी लागली होती. त्याला सात वर्षे होतात न होतात तोच तिथल्या उदिनेझे क्लबने जगातला सर्वांत नावाजलेला दहा नंबर विकत घेतल्याची बातमी आली. इटलीच्या फुटबॉल महासंघाने हा करार मान्य करण्यास नकार दिला. लोक रस्त्यावर उतरले आणि त्यांच्या फलकांवर लिहिलेले होते, 'झिको नाही तर ऑस्ट्रिया!' उदिने १८६६ पर्यंत ऑस्ट्रियाच्या राज्यात होते, तेव्हा झिको मिळणार नसेल तर आम्ही पुन्हा तिकडे जातो, असा त्याचा अर्थ. प्रकरण देशाच्या ऑलिम्पिक समितीपर्यंत गेले आणि अखेर परवानगी मिळाली. पहिल्याच लीग सामन्यात उदिनेझेने जेनोआत जाऊन ५-० असा विजय मिळवला. त्या मोसमात झिकोने २४ सामन्यांत १९ गोल केले. युव्हेंटसच्या प्लातिनीने २८ सामन्यांत २० गोल करून त्याला एका गोलने मागे टाकले.

हे सगळे सांगताना न्हावी माझ्या मानेवर वस्तरा चालवत होता. फ्री किकवर आला तेव्हा त्याने वस्तरा उचलला, फेसाने भरलेला ब्रश काउंटरवर चेंडू म्हणून ठेवला, पावडरचे डबे ओळीने उभे करून भिंत केली आणि चेंडू भिंतीवरून कसा जात असे, गोलरक्षकाला तो बाहेर चालल्यासारखा कसा वाटे आणि शेवटच्या दोन हातांत तो कसा खाली उतरे, हे बोटाने हवेत रेषा काढून दाखवले. फिरत्या चेंडूच्या दोन बाजूंना हवेचा दाब वेगळा पडतो आणि त्यामुळे त्याचा मार्ग वाकतो, हे मी वर्गात दरवर्षी शिकवतो. फळ्यावर ती आकृती काढताना माझे बोट आपोआप त्या न्हाव्याच्या रेषेवरूनच फिरते.

निवृत्त पोलाद अभियंता, ठाणे

१९९२ च्या अखेरीस कंपनीने मला प्रशिक्षणासाठी जपानच्या इबाराकी प्रांतातल्या काशिमा या गावी पाठवले. तिथे सुमितोमोचा अवाढव्य पोलाद कारखाना, जुने शिंटो देवस्थान आणि समुद्राचा वारा. संध्याकाळी सातनंतर गावात करण्यासारखे काही नसे. या कारखान्याचा फुटबॉल संघ जपानच्या दुसऱ्या श्रेणीत खेळत होता आणि अशा संघात १९९१ साली अडतीस वर्षांचा झिको येऊन दाखल झाला होता. तोवर तो एकदा निवृत्तही झाला होता आणि ब्राझील सरकारात क्रीडा खात्याचा प्रमुख म्हणून काम करून आला होता. आल्यावर त्याने दुसऱ्या श्रेणीत एका मोसमात २१ गोल केले. कारखान्यातल्या लोकांना तरीही हे खरे वाटत नसे. कँटीनमध्ये माझ्यासमोर बसणारा फोरमन मला दर आठवड्याला नव्याने सांगायचा की झिको आपल्या गावात राहतो.

१९९३ मध्ये जपानची व्यावसायिक जे लीग सुरू होणार होती. लीगच्या प्रमुखांनी काशिमाला साफ सांगितले होते की तुमचा प्रवेश जवळजवळ अशक्य आहे, फक्त फुटबॉलसाठी बांधलेले आणि छप्पर असलेले पंधरा हजारांचे मैदान असेल तरच बोला. पन्नास हजारांहून कमी वस्तीच्या गावाने ते मैदान उभे केले. काशिमा या नावात 'हरीण' हा शब्द आहे, म्हणून संघाचे नाव ठेवले अँटलर्स, म्हणजे हरणाची शिंगे. त्या वर्षाच्या सुरुवातीला हाच संघ इटलीतल्या सराव दौऱ्यात क्रोएशियाकडून ८-१ असा हरला होता आणि कँटीनमध्ये आठवडाभर सुतकी कळा होती.

१६ मे १९९३ चा पहिला सामना मी त्या फोरमनच्या शेजारी बसून पाहिला. समोर नागोया ग्रॅम्पस हा गॅरी लिनेकरचा संघ होता. झिकोने पहिला गोल केला, त्यानंतर थोड्याच वेळात फ्री किकवर दुसरा केला आणि उत्तरार्धात तिसरा. उरलेले दोन त्याचाच देशबांधव आल्सिंदो याचे. ५-०, आणि जे लीगच्या इतिहासातली पहिली हॅट्ट्रिक चाळीस वर्षांच्या माणसाच्या नावावर! माझा फोरमन, ज्याला मी कारखान्यात वितळलेल्या लोखंडासमोरही चेहऱ्यावरची रेष हलू न देता उभा असलेला पाहिला होता, तो टोपी तोंडावर धरून रडत होता. त्या पहिल्या टप्प्याचे विजेतेपद काशिमानेच मिळवले.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सम्राट चषकाच्या एका सामन्यात पास मागे पडला, तेव्हा त्याने पुढे झेपावून हवेतच आपली टाच डोक्यामागून आणली आणि चेंडू जाळ्यात मारला. तो गोल मी टीव्हीवर इतक्या वेळा पाहिला की माझ्या पत्नीलाही त्याचा कोन पाठ झाला आहे. मात्र तो काही देवमाणूस नव्हता. जानेवारी १९९४ मध्ये जे लीगच्या अंतिम सामन्यात प्रतिस्पर्ध्याला पेनल्टी मिळाल्यावर तो रागाने चेंडूवर थुंकला आणि त्याला बाहेर काढले गेले. गावाला त्याची लाज वाटली आणि गावाने ते मनात ठेवले नाही, या दोन्ही गोष्टी मी पाहिल्या.

तो २००२ ते २००६ जपानच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक होता. २००४ चा आशिया चषक त्याने जिंकून दिला, पण २००६ च्या विश्वचषकात ऑस्ट्रेलियाविरुद्ध शेवटच्या काही मिनिटांत सामना हातातून गेला आणि त्याच्याच देशाने, ब्राझीलने, जपानला ४-१ ने हरवले, तेव्हा त्याच्यावर बरीच टीका झाली. मी २००८ मध्ये पुन्हा काशिमाला गेलो. स्टेडियमबाहेरच्या त्याच्या पुतळ्याच्या पायाशी कुणीतरी पाण्याची बाटली आणि लहान मुलाचे बूट ठेवले होते. संघाच्या ड्रेसिंग रूममध्ये आजही त्याने घालून दिलेले तीन शब्द आहेत : समर्पण, प्रामाणिकपणा, आदर. जपानी लीगची सर्वाधिक विजेतेपदे याच क्लबकडे आहेत. माझा फोरमन तोवर निवृत्त झाला होता आणि त्याने नातवाला बरोबर आणले होते.

शिक्षिका, मडगाव

माझ्या आजीचे शिक्षण पणजीच्या लिसेवमध्ये पोर्तुगीजमधून झाले. १९६१ नंतर घरात मराठी-कोकणी, शेजारात कोकणी आणि शाळेत आधी मराठी मग इंग्रजी अशी आमची भाषांची उतरंड बदलत गेली आणि आजीची पोर्तुगीज माजघरात एकटी पडली. देवापुढे ती मराठी ओव्या म्हणायची, पण हिशेब मात्र मनातल्या मनात पोर्तुगीजमध्ये करायची.

२०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि झिको एफसी गोवाचा प्रशिक्षक म्हणून आला. स्थानिक वाहिनीवर त्याची पत्रकार परिषद लागली होती. तो पोर्तुगीजमध्ये बोलत होता, शेजारी दुभाषी इंग्रजी करत होता. आजी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि उभीच राहिली. दुभाष्याने वाक्य संपवण्याआधीच ती आम्हाला त्याचा अर्थ सांगू लागली. मग थोडे थांबून म्हणाली, 'हा दिआ म्हणत नाही गो, जिआ म्हणतो. आमचे मास्तर छडी मारते अशा उच्चाराला.' ब्राझीलचे लोक 'दि'चा 'जि' करतात हे तिला ऐंशीव्या वर्षी समजले आणि तिला त्याचे केवढे अप्रूप वाटले!

त्यानंतर तिची एकही पत्रकार परिषद चुकली नाही. ऑफसाइड म्हणजे काय हे तिला शेवटपर्यंत कळले नाही, पण झिको आज चिडला आहे की दमला आहे हे ती आमच्याआधी ओळखायची. पहिल्या मोसमाची सुरुवात वाईट झाली, नंतर संघाने डोके वर काढले आणि दुसरे स्थान मिळवले. उपांत्य फेरीचे दोन्ही सामने गोलाविना बरोबरीत सुटले आणि इथेच, फातोर्ड्यावर, पेनल्ट्यांवर कोलकात्याने आम्हाला हरवले. त्या रात्री आजीने जेवण अर्धे टाकले. २०१७ च्या जानेवारीत तो गोवा सोडून गेल्याची बातमी आली, तेव्हा ती म्हणाली की आता या घरात माझ्याशी पोर्तुगीज बोलायला कोणी राहिले नाही. तो तिच्याशी कधीच बोलला नव्हता. पण त्या वाक्यात मला काही चूक दिसली नाही.

बँक कर्मचारी, मुंबई

मी मुंबई सिटी या फुटबॉल संघाचा पाठीराखा, त्यामुळे माझा अनुभव लहान आणि दुखरा आहे. १७ नोव्हेंबर २०१५ रोजी मी मांडवी एक्स्प्रेसने मडगावला गेलो आणि झिकोच्या गोव्याकडून माझ्या संघाने सात गोल खाल्लेले फातोर्ड्याच्या प्रेक्षागृहातून पाहिले. ७-०, नायजेरियाच्या डुडूची आणि मणिपूरच्या हाओकिपची हॅट्ट्रिक. सातव्या गोलानंतरही झिको कडेला उभा राहून हाताने आपल्या डाव्या बाजूच्या खेळाडूला जागा दाखवत होता. परतीच्या वेळी शेजारी बसलेल्या गोवेकर काकांनी मला वडा-पाव खाऊ घातला आणि सामन्याविषयी एक अक्षर काढले नाही, याबद्दल मी त्यांचा आजही आभारी आहे.

बाल संघाचा प्रशिक्षक, फोंडा तालुका

आमच्या वाड्यावर मी सकाळी सहा ते आठ मुलांना शिकवतो. मैदान म्हणजे भातकापणीनंतरचे शेत. झिको गोव्यात असताना त्यांनी मंदार राव देसाई, रोमियो फर्नांडिस यांच्यासारख्या इथल्या मुलांना जागा दिली आणि २०१५ मध्ये रोमियो तर ब्राझीलच्या आत्लेतिको पारानाएन्से क्लबकडे खेळायला गेला. माझ्या मुलांसाठी ब्राझील हा तोवर टीव्हीतला देश होता. आता तिथे आमच्या ओळखीचा माणूस होता.

त्या वर्षी गोव्याने गुणतक्त्यात पहिले स्थान मिळवले. उपांत्य फेरीत दिल्लीकडून पहिला सामना १-० ने हरून दुसरा ३-० ने जिंकला आणि २० डिसेंबरला फातोर्ड्यावरच चेन्नईयिनशी अंतिम सामना ठरला. मी बारा मुलांना घेऊन गेलो. चेन्नईने आघाडी घेतली, हाओकिपने बरोबरी केली, आमच्या गोलरक्षकाने मेंदोझाची पेनल्टी अडवली. ८७ व्या मिनिटाला आमच्या जोफ्रेने फ्री किक भिंतीवरून जाळ्यात घातली. दोन-एक. मैदान कोसळते की काय असे वाटले. एका मुलाने माझे घड्याळ बांधलेले मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवले होते आणि तो वेळ मोजत होता. नव्वदाव्या मिनिटाला स्वयंगोल झाला, दोन मिनिटांनी मेंदोझाने तिसरा मारला आणि २-३ वर सगळे थांबले. झिको कडेला उभे होते, दोन्ही हात कमरेवर, आणि ते बराच वेळ हलले नाहीत. पुढच्या मोसमात संघ तळाला गेला. त्याविषयी मला काही लिहायचे नाही.

परतीच्या गाडीत बारा मुलांतले एकही बोलले नाही. त्यांना बोलते करायचे म्हणून मी सांगितले की, रिओत सराव संपल्यावर सगळे घरी जायचे आणि झिको गोलच्या वरच्या कोपऱ्यात जर्सी टांगून तिच्यावर नेम धरत अंधार पडेपर्यंत फ्री किक मारत राहायचे. कुणी काही उत्तर दिले नाही आणि मला वाटले की मुले झोपली.

दुसऱ्या दिवशी मी सहाला शेतावर पोहोचलो तेव्हा धुके होते. बांबूच्या गोलच्या उजव्या कोपऱ्यात सुतळीने एक बनियन बांधलेले होते, दवाने ओले झालेले, आणि त्यावर चिखलाचे चार गोल शिक्के आधीच उमटलेले होते.